आरएक्सएक्स_नवा आणि महर्षींची रजा

कोणत्याही संस्थेचं स्थैर्य 'हे फक्त त्यांनाच माहीत आहे' अशा एका माणसावर अवलंबून असतं. चौथ्या मजल्यावरच्या त्या कंपनीत हा माणूस खिडकीजवळ बसे. त्याला सगळे महर्षी म्हणत.

कंपनीचं काम असं, की एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक काल्पनिक संगणक चालवायचे. खऱ्याला म्हणायचं यजमान, काल्पनिकांना पाहुणे. दोघांची रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे, वेगवेगळी. ती वाचण्या-लिहिण्यासाठी महर्षींनी एकोणीस वर्षांपूर्वी तीन मॅक्रो लिहिले होते (मॅक्रो म्हणजे लांबलचक कामाला दिलेलं आखूड नाव). आरएक्स पाहुण्याचं रजिस्टर वाचे. आरएक्सएक्स यजमानाचं वाचे. आरएक्सएक्स_नवा हा तिघांत सर्वांत जुना असून तो वाचत नसे, लिहीत असे. कुणाच्या रजिस्टरात, ते महर्षींना विचारायचं.

विचारायची रीतही ठरलेली होती. खुर्चीमागे उभं राहून खोकायचं. मग महर्षी सावकाश चष्मा पुसत आणि "हं, बोला," म्हणत. एका पाहणीनुसार (पाहणी महर्षींचीच) दिवसाला सरासरी चौदा माणसं खोकत. महर्षींना हे मनापासून आवडे. घरी टीव्हीचं चॅनलसुद्धा कुणी त्यांना विचारून बदलत नसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नव्या आलेल्या बाईंनी तिन्ही मॅक्रोंची नावं बदलायचा प्रस्ताव दिला : पाहुणा_रजिस्टर_वाच, यजमान_रजिस्टर_वाच आणि यजमान_रजिस्टर_लिही.

"अहो, पण हे तर कुणालाही कळेल!" महर्षी म्हणाले.

"कळावं म्हणूनच दिलीत ना!"

बैठकीत महर्षींचा आक्षेप गंभीर मानला गेला. समितीने नोंदवलं, की नाव वाचूनच काम कळू लागलं तर माणसं एकमेकांशी बोलणार नाहीत आणि कार्यालयातला जिव्हाळा संपेल. शिवाय लांब नावांनी बोटं झिजतात (किती, ते मोजायला उपसमिती नेमली). अखेर तडजोड झाली. नावं तीच राहिली, फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर एक ओळ लिहिली गेली : 'महर्षींना विचारा.'

महर्षी त्या दिवशी खुशीत जिना उतरून घरी गेले, लिफ्ट असूनही.

त्याच महिन्यात त्यांना चार दिवसांची रजा मिळाली, अकरा वर्षांत पहिल्यांदा. मुलगी परगावी. नात पाच वर्षांची झाली, तरी आजोबा तिला फोनच्या चौकटीतच ठाऊक. दुसऱ्या दिवशी बागेत ते तिला झोके देत असताना फोन वाजला आणि पलीकडून कुणीतरी खोकलं.

"महर्षी, आरएक्सएक्स_नवा कुणाच्या रजिस्टरात लिहितो हो?"

एका हाताने झोपाळा धरून त्यांनी दुसऱ्याने चष्मा शर्टाला पुसला. "पाहुण्याच्या," ते ठामपणे म्हणाले.

पाहुण्याचा आकडा यजमानाच्या रजिस्टरात जाऊन बसला. यजमान झोपला आणि पोटातले बेचाळीस पाहुणे त्याच्याबरोबर झोपले.

चौकशी झटपट झाली. नावात दोष आढळला नाही. महर्षी सलग दोन दिवस मॅक्रोंपासून दूर राहिले, हे मूळ कारण ठरलं. उरलेली रजा रद्द झाली आणि यापुढे त्यांना रजा देऊ नये, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ते निघाले तेव्हा नातीने विचारलं, "आता परत फोनमध्ये जाणार?" महर्षींना बसमध्ये रडू आलं.

परतल्यावर त्यांनी स्वतःहून बाईंचा प्रस्ताव मागवून घेतला. मंजुरीच्या बटणावर बोटही ठेवलं. तेवढ्यात खुर्चीमागे कुणीतरी खोकलं. महर्षींचं बोट उचललं गेलं, चष्म्याकडे वळलं. "हं, बोला."

हसताय? तुमच्या घरी सात बटणांचा बोर्ड आहे. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण त्यात कितवं, ते फक्त तुम्हाला ठाऊक. आलेला पाहुणा आत अंधारात चाचपडतो आणि तुम्ही बाहेरच्या खोलीतून आनंदाने ओरडता, "ते नाही हो, त्याच्या शेजारचं!" त्या बटणाखाली एक चिठ्ठी चिकटवली की काम झालं. गेली इतकी वर्षं तुम्ही ती का चिकटवली नाही?