उपासनेला बसलो होतो, एवढंच!

रविवारी दीड तास मोबाइल घरी ठेवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्याच्या पायी अख्खी वाडी चर्चमध्ये येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी मोबाइल गळ्यात बांधून गेलो असतो.

आळेफाट्यावर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी रविवारीच जळतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. त्यामुळे पाळकसाहेबांनी "आपण प्रार्थना करू या" म्हटलं की माझा खिसा वाजतो. गेल्या नाताळात चर्चच्या नाटकात आमची लेक दिशा मरीया झाली होती. मी त्या वेळी चर्चच्या अंगणात उभा राहून फोनवर कुणाला तरी मोटरचा कपॅसिटर कसा काढायचा ते सांगत होतो. आत आलो तेव्हा मरीया साडी बदलून केक खात होती. तिने उरलेला अर्धा केक माझ्यापुढे धरला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार लागलं ते.

आता या रविवारी दिशा पहिल्यांदाच एकटी गीत गाणार होती. "या वेळी पप्पा असतील ना?" हे तिने मला नाही, आईला विचारलं. (मी शेजारीच बसलो होतो.) तेव्हाच शपथ घेतली, की आभाळ कोसळलं तरी उपासनेतून उठायचं नाही.

गिऱ्हाइकांना कळवणं भाग होतं. हाताला वॉर्निश लागलेलं, म्हणून मोबाइलसमोर तोंड नेऊन खणखणीत आवाजात बोललो, "उद्या सकाळी साडेनवापासून मी उपासनेला बसणार आहे. फोन बंद राहील. कुणी कितीही विनवण्या केल्या तरी उठणार नाही." मोबाइलनेच ते ऐकून टाइप केलं, मी कोपराने वाडीच्या ग्रुपवर पाठवलं आणि मोबाइल बंद करून हिच्या ताब्यात दिला. (चष्मा शोधून एकदा वाचायला काय झालं होतं? पण शहाणपणा मला नेहमी सोमवारी सुचतो.)

रविवारी पहिल्या बाकावर बसलो. आमची मंडळी म्हणजे मोजून बावीस माणसं. दिशाचं गीत उपदेशानंतर होतं. पहिली प्रार्थना सुरू झाली, मी डोळे मिटले आणि बाहेर मोटरसायकली थांबल्याचा आवाज आला. एक, दोन, पाच, दहा. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

एवढ्यात कुणीतरी माझ्या कानाशी आलं. आवाज शेजारच्या हनुमंताचा.

"भाऊ, भिऊ नका. आमी हाय तुमच्या पाठीशी."

हनुमंत धनगराचा, आजवर चर्चची पायरी चढला नव्हता. तो इथं कशाला येईल? हा मोह आहे, मी ओळखलं. गप्प राहिलो.

"आरं, बोलतबी न्हाईत! मौनबी धरलंय वाटतं!" तो मागे वळून म्हणाला.

हिने कोपर मारलं. "अहो, बघा तरी कोण आलंय."

"कुणीही येऊ दे. मी उठणार नाही."

"ऐकलं का?" हनुमंत गहिवरला. "उठनार न्हाई म्हनत्यात!"

बाहेर घोषणा सुरू झाली, "सोपानभाऊ, तुम आगे बढो!" माझी परीक्षा बघायला सैतान हिंदीत ओरडतोय, याची आता खात्रीच पटली. मी दोन्ही बोटं कानांत घातली आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणायला लागलो. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. हिने आणखी तीनदा कोपर मारलं. मग कोपर थांबलं. (हनुमंताने तिला सांगितलं होतं, "वयनी, ऱ्हाऊ द्या, त्यांची समाधी लागलीया.") इतकं एकाग्र मन माझं जन्मात कधी झालं नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

खांदा गदागदा हलला तेव्हाच डोळे उघडले. चर्च गच्च भरलं होतं. टोप्या, पागोटी, लेकुरवाळ्या बायका. समोर आमच्या वाडीचे पुढारी गेणभाऊ लिंबू सरबताचा ग्लास घेऊन उभे, आणि त्यांच्या बाजूला घामाघूम झालेला वायरमन.

"भाऊ, वीजबोर्डाच्या सायबांनी शबुद दिलाय. उद्या नवा डीपी बसतोय. सोडा आता," गेणभाऊ म्हणाले.

"काय सोडू?"

"उपोशन!"

हनुमंताने त्याचा मोबाइल पुढे धरला. माझ्याच नावाखाली लिहिलं होतं, "उद्या सकाळी साडेनवापासून मी उपोषणाला बसणार आहे." वाडीतल्या घरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी, तीन आठवडे जळालेला, आणि त्यावरून मी चहाच्या टपरीवर रोज तावातावाने बोललेलो. लोकांचं काहीच चुकलं नव्हतं.

मी केविलवाण्या चेहऱ्याने पाळकसाहेबांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "सोपानराव, सरबत घ्या. अकरा वर्षांत इतकी मंडळी मी पाहिली नाही."

मी सरबत प्यालो. टाळ्या पडल्या. गेणभाऊंनी उपरण्याने डोळे पुसले.

"पन पोरीनं काय गायलं राव! काळजाचं पानी झालं."

मी हिच्याकडे बघितलं, तेव्हा सगळं कळलं. लोकांचा गलबला आवरेना म्हणून पाळकसाहेबांनी दिशाला आधीच उभं केलं होतं. ती गायला लागली तशी घोषणा थांबली, चपला बाहेर निघाल्या आणि सगळी वाडी खाली बसून ऐकत राहिली. वायरमनने ऐकलं. पुढच्या हॉटेलातला भजीवाला झारा हातात घेऊन येऊन ऐकून गेला. पहिल्या बाकावर, तिच्यापासून चार हातांवर बसलेल्या बापाने तेवढं ऐकलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर दिशा पळत आली. चेहरा नुसता फुललेला. तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

"पप्पा, उठला नाहीत तुम्ही! कसं झालं?"

"अगं, शब्दच नाहीत माझ्याकडे." (हे खरंच होतं.)

"शेवटी तिसऱ्या कडव्यात मी जरा अडखळले. कळलं का तुम्हाला?"

"मला कळलं, बापाचा कान आहे. पण काय सावरलंस तू! दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नाही."

दिशाने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पप्पा, गीताला दोनच कडवी होती."

हे वाक्य मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.