वाघाच्या तोंडचा निबंध

"लवंगेच्या तेलापुढे वाघाच्या तोंडातले जंतूही शेपूट घालतील!"

जगदीशने लालबागच्या चाळीत ही घोषणा केली ती थेट संयुक्त महाराष्ट्राच्या सभेतल्या आवाजात. परळच्या एका प्रयोगशाळेत तो मदतनीस होता. हा प्रयोग जमला तर तिथले मुख्य लिओनार्ड साहेब शोधनिबंधावर त्याचंही नाव छापणार होते. आजवर ते नाव एकदाच छापलं गेलं होतं, काकाच्या लग्नपत्रिकेत, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' याच्याखाली! शेजारच्या राधाकाकूंनी तर पेढे कुठून आणायचे तेही ठरवून टाकलं.

जवळच्या मैदानावर सर्कस उतरली होती. तिथल्या म्हाताऱ्या वाघाचा जबडा बुधाजी रखवालदाराने उघडून धरला आणि जगदीशने देवाचं नाव घेत कापसाचा बोळा आत फिरवला. ती थुंकी त्याने सहा काचेच्या बश्यांत, जंतूंसाठी थिजवलेल्या खाण्यावर सारवली. पाच बश्यांत वेगवेगळी तेलं घातली, सहावी मुद्दाम कोरडी ठेवली. कोरड्या बशीत जंतू माजायला हवेत आणि लवंगेच्या बशीत मरायला हवेत, एवढाच काय तो प्रयोग.

दुसऱ्या दिवशी लवंगेची बशी आरशासारखी लख्ख!

"साहेब, एकूण एक मेले!"

"गुड! आणि ह्या बशीत?"

"निलगिरी. साफ!"

"हिच्यात?"

"खोबरेल. तीही... साफ."

"आणि ही शेवटची?"

जगदीशने घाम पुसला. "हिच्यात काहीच घातलं नव्हतं, साहेब."

"मग हिच्यातले काय तुझ्या भाषणानं मेले?"

म्हणजे थुंकीत मुळात जंतूच नव्हते! दोघे तडक सर्कशीत गेले. बुधाजीला तर आपलंच कौतुक वाटलं.

"काल हे तपासाया येनार म्हनून आधीच कळलं व्हतं. पाहुणं यायच्या आधी आपण घर झाडत नाय? तसं मी त्याचं तोंड चकाचक पुसून ठेवलं. दोनदा!"

"कशानं?" जगदीश किंचाळला.

"लवंगेच्या तेलानं! हिरडी सुजली व्हती त्याची."

साहेब इतके हसले की वाघाने मान वळवून पाहिलं. "जगदीश, तुझं म्हणणं खरं निघालं रे! फक्त प्रयोग ह्यानं केला. नाव बुधाजीचं यायला पाहिजे!"

जगदीशला रडू कोसळायचंच बाकी होतं.

"माझं कशाला?" बुधाजी लाजला. "वाघाचं घाला. चावला नाय, ते काय कमी?"

संध्याकाळी राधाकाकू पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभ्या. "काय रे, आलं का नाव?"

"येईल, काकू," चपला काढत जगदीश म्हणाला. "आधी वाघाचा नंबर आहे."