हुपरीकरांच्या पेरूची सवय

आमच्या कवठेपुरात कलमाच्या काडीबरोबर ती काडी ज्या घरची असेल त्या घराची एक सवयही येते. कलम जगलं, फळ धरलं आणि ते कुणी खाल्लं की खाणाऱ्याला ती सवय लागते, आणि हंगाम सरला की हळूहळू सुटते. बाहेरगावच्या लोकांना याचं नवल वाटतं. आम्हाला बाहेरगावची फळं नुसतीच गोड लागतात याचं नवल वाटतं.

मी इथल्या कलम मंडळाचा चिटणीस आहे. हिवाळ्यात दर रविवारी शाळेच्या पटांगणात काड्यांची अदलाबदल होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लोक सतरंजीवर मांडतात, आणि फळ गोड आहे का असं कुणीही विचारत नाही. विचारतात, "सवय काय?" तिथं खोटं बोललेलं मंडळाला चालत नाही. टोणग्यांच्या डाळिंबानं कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघायची सवय लागते. टोणग्यांनी हे स्वतःच सांगितलं, आणि नव्या वसाहतीत चोऱ्या होत असल्यामुळे त्यांच्या काड्या हातोहात गेल्या. फडण्यांच्या चिकूनं माणूस समोरच्याचं वाक्य पुरं करतो. तो चिकू कुणी नेत नाही. तुम्ही सतरंजीपाशी वाकून "याची सवय..." म्हणेपर्यंत फडणे "काय म्हणून विचारताय ना?" म्हणून मोकळे होतात आणि पुढचा माणूस डाळिंबाकडे सरकतो.

घर म्हणजे मूळ झाड जिथं बीपासून उगवलं ते घर. पुढे काडी कितीही अंगणं फिरली तरी सवय त्या पहिल्या घरचीच. पण घराला सवयी पुष्कळ असतात आणि त्यांतली कोणती उचलायची हे काडीच्या मनावर असतं. शिवाय काडी कापली की झाड रुसतं आणि एक हंगाम नुसतीच फळं देतं. या दोन्ही बाबतीत मंडळ जबाबदारी घेत नाही.

हे सगळं शालनवहिनींना मी समजावून सांगितलं होतं.

शालन हुपरीकर या कै. रंगनाथ हुपरीकरांच्या पत्नी. रंगनाथराव नगरपालिकेत होते, गावाला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. पण गाव त्यांना ओळखायचं ते हसण्यावरून. विनोद सांगायच्या आधीच ते हसायला लागायचे. हसता हसता विनोद राहून जायचा, ऐकणारेही पोट धरून हसायचे आणि घरी जायचे. त्यांचा एकही विनोद गावात कुणाला पुरता ठाऊक नाही. त्यांच्या परसातला पेरू गटाराच्या कामात तुटला आणि पुढे रंगनाथरावही गेले. पण झाड तुटण्याआधी त्याची एक काडी पलीकडच्या गल्लीत भालचंद्र बावडेकरांकडे गेली होती, आणि त्या काडीनं नेमकं ते हसणंच उचललं होतं.

बावडेकर मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर बांधावर उभं राहून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्लेला माणूस, तोंड कायम मिटलेलं. पेरू लागल्यापासून मात्र ते चारचौघांत विनोदाआधी हसू लागले, आणि गावाला ते आवडू लागले. तेव्हापासून त्यांनी त्या झाडाचा एक पेरूही कुणाला दिला नाही. उरलेल्या फळांची ते जेली करून ठेवायचे, म्हणजे उन्हाळ्यातही अडचण नको.

"चिटणीस, मला त्या झाडाची काडी पाहिजे," शालनवहिनी एका रविवारी येऊन म्हणाल्या. बरोबर त्यांची थोरली नणंद होती, अनसूयाक्का. दोघी एकाच घरात राहतात.

"हसूच येईल असं नाही," मी म्हणालो. "घोरणंही येऊ शकतं."

"घोरायचा तर," अनसूयाक्का म्हणाल्या. "आन् चहा पिऊन कप खाली ठेवला की इचारायचा, चहा कधी करणार म्हणून."

"काय यायचं ते येऊ दे," शालनवहिनी म्हणाल्या. "त्यांचं काहीतरी घरात असू दे. बावडेकरांच्या तोंडून ऐकते मी ते हसणं, भिंतीपलीकडनं. ऐकलं की बरं वाटतं, आणि मग नुसता संताप येतो. माझ्या नवऱ्याचं हसणं मी गल्लीत उभं राहून ऐकायचं?"

त्यांचं सगळं ठरलं होतं. एका वर्षी एकीनं पेरू खायचे आणि हसायचं, दुसरीनं ऐकायचं. पुढच्या वर्षी उलट. आधी कुणी खायचं यावर तेवढं घोडं अडलं होतं, कारण दोघींनाही ऐकायचंच होतं.

मंडळातर्फे मी त्यांना घेऊन बावडेकरांकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते. आमचं येणं कशासाठी ते कळताच हसायला लागले आणि मग एकदम थांबले.

"काडी द्यायची म्हणजे झाड वर्षभर रुसणार," ते म्हणाले. "आणि मी काय करायचं? यंदा सगळ्या लग्नांची आमंत्रणं आहेत मला. पंगतीत माझ्या शेजारी बसायला लोक भांडतात. पूर्वी मला कुणी बारशालासुद्धा बोलवत नव्हतं, वहिनी."

हे खरं होतं, आणि म्हणून मला त्यांचंही वाईट वाटलं. माणसाला एकदा लोकांत बसायची गोडी लागली की पुन्हा एकट्यानं बसवत नाही.

"फुकट मागत नाही मी," शालनवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून ओलं फडकं काढलं. "माझ्या माहेरच्या कागदी लिंबाची काडी आहे."

"सवय काय?" बावडेकरांनी नियमाप्रमाणे विचारलं.

"भांडणात आपली चूक आपण आधी कबूल करायची."

आत भांडी घासल्याचा आवाज बंद झाला. बावडेकरांच्या पत्नी इंदिराकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"खात्रीची आहे?" त्यांनी शालनवहिनींना विचारलं.

"माझे वडील तर भांडण कशावरून आहे ते कळायच्या आतच कबूल करायचे."

"द्या हो त्यांना काडी," इंदिराकाकू म्हणाल्या. "दोन द्या."

"अगं, पण माझं..."

"मी लोणचं घालीन. वर्षभर पुरेल."

बावडेकरांनी दोन काड्या कापल्या. कापण्याआधी टेप लावून मोजल्या. ही सवय मात्र त्यांची स्वतःची होती, खात्यातून आलेली.

हुपरीकरांच्या परसात तेलाच्या डब्यांमध्ये पेरूची दोन रोपं तयार होती. मी त्यांचे शेंडे छाटले, मधोमध चीर दिली, काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवलं, प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट गुंडाळलं आणि वर पिशवी चढवली. एक काडी आठवडाभरात काळी पडली. दुसरीजवळ अनसूयाक्का पाट टाकून बसल्या. कावळा आला तर त्याला हाकलायच्या, मांजर आलं तर मांजराला, आणि मी पाहायला गेलो तर मलाही फार वेळ थांबू द्यायच्या नाहीत. एके सकाळी त्या अनवाणीच माझ्या दारात आल्या.

"फुटला डोळा," म्हणाल्या, आणि तशाच परत गेल्या. मी मागोमाग गेलो. काडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा कोंब होता आणि शालनवहिनी गल्लीत दिसेल त्याला साखर वाटत होत्या.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात झाड फळांनी वाकलं. पहिलं फळ मंडळाच्या चाखणाऱ्यानं खायचं आणि दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवून सवय जाहीर करायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. चाखणारे म्हणजे गोविंदराव काळोखे. मोठा त्यागी माणूस. ऐन हंगामात ते कुलूप ओढून बघता बघता स्वतःचीच वाक्यं पुरी करत असतात, तरी कधी कुरकुर नाही.

त्या दिवशी शाळेच्या वर्गात अर्धं गाव जमलं. शालनवहिनी आणि अनसूयाक्का पुढच्या बाकावर बसल्या. बावडेकरही आले होते. गोविंदरावांनी खुर्चीत बसून पेरू बियांसकट खाल्ला. मी त्यांना विनोद सांगायला लावला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट सांगितला आणि कुणीही हसलं नाही. चहा दिला. पिऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि गप्प बसले. बाकावर आडवं केलं, तर मांजरासारखे बिनआवाजी झोपले. संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांना वर्गाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, म्हणजे काही नजरेतून सुटायला नको. दिवेलागणीला मला उभं राहून जाहीर करावं लागलं, "सवय आढळली नाही."

असं मंडळात कधी झालं नव्हतं.

"म्हणजे नुसताच पेरू," शालनवहिनी म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. अनसूयाक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बावडेकर पुढे आले, "चूक माझीच आहे, मी दुसरी फांदी निवडायला हवी होती," म्हणाले. लिंबाचं लोणचं छान मुरलं होतं. पण त्यानं कुणाचं समाधान झालं नाही. नियमाप्रमाणे चिटणीसानं हळहळायचं नसतं, मी हळहळलो.

त्याच संध्याकाळी शालनवहिनींनी झाड उतरवलं आणि पाट्या भरून पेरू गल्लीत वाटून टाकले. ज्यात काही नाही ते ठेवून करायचं काय, म्हणाल्या. दूधवाल्याला दिले, गिरणीवाल्याला दिले, मुख्याध्यापकांना, फडण्यांना, दवाखान्यातल्या दोन्ही नर्सबाईंना, बावडेकरांनाही दिले. दोघींनी मात्र एकही तोंडाला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन गिरणीवर गेलो होतो. गिरणी गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर आहे. दूधवाला गल्लीतून रतीब घालून निघाला. कोपऱ्यावर आल्यावर त्यानं सायकल थांबवली, एक पाय खाली टेकला, मागे वळून हुपरीकरांच्या खिडकीकडे पाहिलं आणि निघून गेला. मागून दोघी नर्सबाई आल्या. त्याही कोपऱ्यावर थांबल्या, वळल्या, खिडकीकडे एकदा पाहिलं आणि गेल्या. मग मुख्याध्यापक. त्यांना मी विचारलं, "काय बघताय सर?"

"कुठं काय?" ते म्हणाले. "उगीच."

मी दळण तिथंच टाकलं आणि चिटणीसाला न शोभणाऱ्या वेगानं हुपरीकरांकडे धावलो. अनसूयाक्का ओट्यावर मिस्री लावत बसल्या होत्या. बोट तोंडातच राहिलं होतं.

"रंगा," त्या म्हणाल्या. "चिटणीस, रंगा असाच वळायचा. कामाला निघाला की कोपऱ्यावर उभा राहायचा, खिडकीकडं एकदा बघायचा आन् जायचा."

आम्ही चालणाऱ्या माणसाची सवय दिवसभर खुर्चीत बसवलेल्या माणसात शोधत बसलो होतो.

शालनवहिनी ओल्या हातांनी मागच्या दारातून आल्या. "कधी वळायचे?"

"रोज."

"पण मी तर तेव्हा मागं आडावर पाणी भरत असायची."

"व्हय."

"तुम्ही कधी बोलला नाही मला, वन्सं."

"मला वाटायचं तुला ठाऊक हाय."

शालनवहिनींनी हात पुसले, आत गेल्या आणि खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात फडणे कचेरीला निघाले होते. कोपऱ्यावर ते वळले. खिडकीकडे पाहिलं. खिडकीत शालनवहिनी होत्या, आणि फडणे गेलेच नाहीत. डबा हातात धरून उभे राहिले, तोंडभर आनंद. त्यांच्यामागून पलीकडच्या गल्लीतले बावडेकर फिरत आले, ते त्यांच्या शेजारी थांबले. मग पोस्टातले दोघं आले. खिडकी रिकामी असली की पेरू खाल्लेला माणूस एकदा बघतो आणि जातो. खिडकीत त्या असल्या की त्याचा पाय निघत नाही. रंगनाथरावांच्या बाबतीत हे पाहायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे मंडळाला याची कल्पना नव्हती.

त्या दिवशी कचेरी उशिरा उघडली, पोस्टही. दुसऱ्या दिवशी कोपरा इतका भरला की गिरणीत दळण नेता येईना. मंडळानं बैठक घेतली. हंगाम संपेपर्यंत सकाळी खिडकी लावून घ्यावी, असं एकानं सुचवलं. त्याला सगळ्यांनी खाली बसवलं. चूक आपलीच, आपण लवकर निघायला हवं, असं बावडेकर म्हणाले आणि ते मान्य झालं. मुख्याध्यापकांनी शाळेची घंटा थोडी उशिरा केली. काडीसाठी शालनवहिनींच्या दारात लोकांची रीघ लागली, पण त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. झाड रुसलेलं त्यांना परवडणार नव्हतं.

आता हंगामात रोज सकाळी शालनवहिनी पाणी भरायचं ठेवून खिडकीत येतात. अनसूयाक्कांनी खास त्यासाठी पडदा धुऊन लावला आहे. गल्लीतली माणसं एकेक करून निघतात, कोपऱ्यावर वळतात आणि उभी राहतात. दूधवाला सायकलवर एक पाय टेकून, मुख्याध्यापक छत्री काखेत धरून, नर्सबाई दोघी हातात हात घालून. शालनवहिनी त्यांच्याकडे पोटभर बघून घेतात. मग खिडकीतून म्हणतात, "जावा आता. उशीर होतोय." आणि आत जातात, म्हणजे त्यांना निघता येतं.