बिबडीच्या गच्चीवरचा लांडगा

आपण लेखिका आहोत हे आख्ख्या धरणगावात कुणालाही कळणं शक्य नाही, याची ज्योतीला पक्की खात्री होती. फोनमधल्या कथांच्या अ‍ॅपवर ती ‘निशिगंधा’ या नावाने प्रेमकथा लिहीत होती. नायक विक्रांत, पौर्णिमेला लांडगा होणारा, मुक्काम पारोळ्याचा किल्ला. नायिका रेवती, वय सतरा, म्हणजे ज्योतीएवढीच. भाग एक्केचाळीस आणि नियमित वाचक बावीस. बावीस म्हणजे काय थोडे झाले? वऱ्हाडाची जीप भरून सातआठ जण टपावर बसतील! कुणी अभिप्राय दिला की ज्योतीचा फोन लांडग्याचा लांब हेल काढायचा, ‘हूऽऽऽ’. त्या एका हेलासाठी पोरीचा जीव दिवसभर फोनमध्ये अडकलेला असे.

पण हल्ली हेल कमी झाले होते. रेवती फारच गुणी आहे, असं वाचकांचं म्हणणं होतं. एकाने तर लिहिलं, ही मुलगी लांडग्याला देण्यापेक्षा देवळाच्या ट्रस्टला द्या.

तेव्हा रेवतीच्या अंगी चार दोष घालणं आलं. ज्योतीने आधी स्वतःमध्ये शोधून पाहिले, एकही सापडला नाही. मग गल्लीकडे मोर्चा वळवला आणि वहीत नोंदी सुरू केल्या. पलीकडच्या भिकुबाई: ‘कोणाला सांगू नको’ म्हणत पाच घरी सांगतात. शिवणकाम करणाऱ्या मेहरुनखाला: माप चुकलं की दोष कापडाला. आणि खुद्द आई, सुनंदाबाई: चूक कबूल करणार नाही, त्याऐवजी आवडीचं खायला करून घालील.

बेचाळिसाव्या भागात रेवतीने विक्रांतचं गुपित गावभर केलं. त्याच्या कोटाच्या बाह्या आखूड शिवल्या आणि कापड आटलं म्हणाली. शेवटी माफी न मागता त्याला शेवभाजी खाऊ घातली. भाग सकाळी सहाला प्रसिद्ध झाला.

नेमक्या त्याच सकाळी ज्योतीच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या होत्या. ज्वारीचा घाटा चुलीवर रटरटत होता. तो गरम असेपर्यंतच ओल्या कापडावर थापता येतो. निवला की गोळा होतो आणि मग तो म्हशीलाच घालायचा. म्हणून गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी हात लावायला जातात. हा घाणा तर विशेष होता. ज्योतीच्या ताईचं धुळ्याला सासरी पहिलं वर्ष. शुक्रवारी बिबड्या जायच्या होत्या आणि ताईच्या सासूने आख्ख्या भावकीला आधीच सांगून ठेवलं होतं.

ज्योतीचे हात कोपरापर्यंत घाट्यात होते, लक्ष कुर्त्याच्या खिशात. हेल ऐकू यावा म्हणून फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला. पण साडेसात झाले तरी खिसा गप्प. ती दर दोन बिबड्यांमागे एकदा खिशाकडे बघत होती.

“आमची लेक हुमा रोज एक गोष्ट ऐकते, फोनच वाचून दाखवतो,” मेहरुनखाला म्हणाल्या. “आज मला लावून दिली. हात चालतात, कान तर रिकामेच आहेत.” आणि त्यांनी फोन कठड्यावर ठेवला. गच्चीभर बेचाळिसावा भाग सुरू झाला.

ज्योतीच्या हातातली बिबडी फाटली.

गुपिताचा प्रसंग आला तशा मेहरुनखाला हसायला लागल्या. “भिकुबाई, ही तर तुमचीच नात दिसते.” भिकुबाईंचा हात थांबला. पुढे कोटाच्या बाह्या आल्या आणि हसण्याची पाळी भिकुबाईंची झाली. मन्ह्या पोलक्यानं कापडबी असंच आटनं व्हतं, असं त्यांनी ऐकवलं. मग आटलेल्या पोलक्यावरून जुनी भांडणं निघाली, आणि शेवभाजी आली तेव्हा दोघींनी एकदमच सुनंदाबाईंकडे पाहिलं. सुनंदाबाई पातेल्यात डाव फिरवतच राहिल्या. जरा जास्तच जोरात.

“हाई लिखणारी कोन शे?” भिकुबाईंनी विचारलं. “ती आपली गल्ली वळखस.”

“पुण्याची आहे, आजी,” ज्योती घाईने म्हणाली. “निशिगंधा. फार मोठी लेखिका. ती कुणाला ओळखत नाही.”

“पुण्याची का? मग तिला दोन शब्द सुनवतेच,” म्हणत खालांनी हात पुसले, फोन घेतला आणि अभिप्राय धाडला.

ज्योतीच्या खिशातून ‘हूऽऽऽ’ निघालं.

सगळ्या जणींनी त्या खिशाकडे पाहिलं. भिकुबाई शांतपणे म्हणाल्या, “मेहरुन, आजूक एक धाड.”

‘हूऽऽऽ.’

सकाळपासून ज्या आवाजाची वाट पाहिली तो आला, तोही दोनदा, आणि ज्योतीला वाटलं, गच्चीला भोक पडावं. आई एवढंच म्हणाली, “अभ्यासाला वेळ नव्हता ना तुला?” भिकुबाईंनी गुडघ्यावर हात टेकला आणि त्या उठायला लागल्या. खालांनी पदर झटकला. पातेलं निम्मं भरलेलं होतं, घाट्यावर साय धरायला लागली होती आणि धुळ्याची सासू ज्योतीला डोळ्यांसमोर दिसत होती.

“आजी, बसा ना,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “पुढच्या भागात विक्रांत तिला सोडूनच देणार आहे. एवढे दोष बघून.”

भिकुबाई अर्ध्यात थांबल्या. “सोडस? काब्रं? तिन्हं काय वाईट शे?”

“कापड खरंच आटतं,” खाला म्हणाल्या. “त्यावरून कुणी पोरीला सोडतं?”

आईनेही डाव थांबवला. “शेवभाजी खाताना बरी गोड लागली त्याला.”

तिथल्या तिथे तह झाला. विक्रांतने रेवतीला आहे तशी पत्करायची, वर एक शब्द बोलायचा नाही. तरच हात पुन्हा कापडाला लागतील. ज्योतीने घाट्याच्या हाताने शपथ घेतली. नऊ वाजेपर्यंत गच्ची बिबड्यांनी भरून गेली. दुपारी आईने न बोलता ज्योतीपुढे वाटी सरकवली: तिच्या आवडीचा, गरम राखून ठेवलेला घाटा, वर तेल.

संध्याकाळी शपथेप्रमाणे त्रेचाळिसावा भाग गेला. विक्रांतने आखूड बाह्यांचा कोट घातला, शेवभाजी दोनदा मागून घेतली आणि हसला. खिसा रात्रीपर्यंत नुसता कोकलत होता. सगळ्यांचं म्हणणं एकच: रेवती आता अगदी खरी वाटते, पण असा समजूतदार पुरुष असतो का कुठे? लांडगा होतो तेवढं पटतं!

ज्योतीने वही उघडली, कोरं पान काढलं आणि मान वर केली. समोर तिचे वडील योगराजभाऊ झोपाळ्यावर पाय पसरून फोनवर सांगत होते, “हो हो, निघालो कधीचाच. पारोळ्याच्या पुढे आहे.”