जगताप अण्णांचा बिनउद्घाटनाचा रस्ता

स्कूटरचा आवाज आला की जगताप अण्णा सायकलवरून उतरतात. नुसते उतरत नाहीत. सायकल कडेला घेतात, रस्त्याकडे पाठ करतात आणि स्कूटर नजरेआड होईपर्यंत शोकसभेत उभं राहावं तसे खाली मान घालून उभे राहतात. मग सुस्कारा सोडून निकाल देतात, "रस्ता बाद!"

असे बाद झालेले रस्ते आमच्या कामोठ्यात भरपूर आहेत. खरं सांगायचं तर सगळेच.

अण्णा माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. उभा जन्म सिटी बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे जातात, तीर्थयात्रा करतात, सोसायटीच्या कमिटीत भांडणं लावतात. अण्णांनी सायकल घेतली आणि जिथे गाडी येत नाही असा रस्ता शोधायला लागले. नवी मुंबईत!

माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती डॉक्टरांमुळे. "वजन कमी करा, नाहीतर मी गोळ्या वाढवतो," असं डॉक्टर म्हणाले आणि मी घाबरून सायकल आणली. लिफ्टमध्ये अण्णांनी ती सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली, घंटी वाजवून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, रविवारी सकाळी चला. पण एक अट हाय. घाई करायची न्हाई."

मी घाई करण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पहिल्या रविवारी आम्ही सायकलवर कमी आणि सायकलच्या शेजारी जास्त होतो. दूधवाला आला, उतरलो. रिक्षा आली, उतरलो. एक पाण्याचे जार पोचवणारा टेम्पो तर तीनदा आला. शेवटी अण्णा मला भरतीचं पाणी अडवणाऱ्या धारण तलावामागच्या मोठ्या नाल्यावर घेऊन गेले. नाला हा माझा शब्द. अण्णा त्याला कॅनॉल म्हणतात. सगळं कामोठे तिथून नाक दाबून जातं, आणि अण्णा मात्र गावाकडच्या कॅनॉलच्या कडेने चालल्यासारखे छाती भरून श्वास घेतात.

"डोळे मिटा," ते म्हणाले. "काय ऐकू येतंय?"

"बगळा उडाला बहुतेक."

"आणि?"

"लांबून हॉर्न."

अण्णांचा चेहरा पडला. "म्हंजे हा पण रस्ता बाद."

"अहो अण्णा, एखाद्या गाडीनं काय होतंय?"

"मॅडम, गाडी एकच लागते," असं म्हणून त्यांनी सायकल वळवली.

एकदा शेजारच्या खारघरमधल्या सायकलवाल्या तरुणांनी अण्णांना आपल्या रॅलीला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. ही मुलं घट्ट कपडे, काळे चष्मे आणि मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं घालून हिंडतात. ज्येष्ठ सायकलपटू म्हणून अण्णांच्या गळ्यात हार घातला, हातात झेंडा दिला. अण्णांनी झेंडा दाखवला, स्वतःही निघाले. आणि पुढे रस्ता मोकळा करायला म्हणून ठेवलेली मोटारसायकल सुरू झाली. अण्णा हारासकट उतरले आणि पाठ करून उभे राहिले. मागची सगळी रॅली एकमेकांवर आदळता आदळता थांबली. "सायकलच्या रॅलीम्होरं मोटारसायकल," अण्णा घरी येईपर्यंत पुटपुटत होते, "ह्यास्नी काय म्हणावं?"

त्यांना हॉर्नचं इतकं वावडं का, हे आम्ही आपसात कधीच ठरवून टाकलं होतं. ज्याने उभं आयुष्य ट्रॅफिकमध्ये काढलं, त्याला निवृत्तीनंतर हॉर्न कसा सहन होणार? कुणी विचारलं तर अण्णाही तेच सांगायचे. "कान किटले हो," म्हणायचे आणि विषय बदलायचे.

त्यांच्या बायकोबद्दल, मालनकाकूंबद्दलही आमचं असंच ठरलेलं होतं. काकू ताठ होत्या. जिन्यात आपण "काय काकू, बरं आहे ना?" म्हणावं आणि त्यांनी सरळ निघून जावं. हळदीकुंकवाला यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, कुणाशी चकार शब्द न बोलता वाण घेऊन जायच्या. "एवढा कसला गर्व?" असं बी विंगमध्ये बोललं जायचं. बोलक्या माणसाला अशी बायको मिळावी, याचं सगळ्यांना वाईट वाटायचं.

आणि मग अण्णांना तो रस्ता सापडला.

खाडीच्या बाजूला दोन वसाहती जोडणारा नवा रस्ता बांधून तयार होता. गुळगुळीत काँक्रीट, मधे दुभाजक, दुभाजकात कण्हेरीची रोपं. फक्त पुढचा पूल अर्धा राहिला होता आणि पाहुण्यांना वेळ मिळत नव्हता, म्हणून उद्घाटन अडलं होतं. तोंडाशी लोखंडी अडथळे लावलेले. त्यातून माणूस जाईल, सायकल जाईल, गाडी जाणार नाही. दोन्ही बाजूंना तिवरं, वर घारी. अण्णांनी मला तो रस्ता दाखवला तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता, देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसा.

सगळं कामोठे तो रस्ता कधी सुरू होतो म्हणून दिवस मोजत होतं. अण्णा एकटे देव पाण्यात घालून बसले होते, की पाहुण्यांना वेळ मिळू नये. पेपर उघडला की पहिलं तेच शोधायचे. पाहुण्यांचा दौरा रद्द झाल्याची बातमी आली की चहात साखर जास्त.

मला मात्र तिथे रविवारी सकाळीच न्यायचे. "दुपारी येऊ नका हं मॅडम, ऊन लय असतं," असं दोन-तीनदा बजावलं होतं.

बाजूच्या गावातली एक बाई आमच्या सोसायटीत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकायला येते. एकदा मी तिला त्या रस्त्याबद्दल विचारलं, तर ती हसायलाच लागली. "तो म्हातारा ना तुमचा? रोज दुपारचा येतो, बायकोला घेवून. ती सायकल चालवते आनि हा मागं पलतो. आमी बगतो ना बांधावरून."

माझा विश्वास बसेना. मालनकाकू? आणि सायकल?

पुढच्याच आठवड्यात सुट्टी होती. ऊन डोक्यावर असताना मी तिथे पोचले. अण्णा अडथळ्यांपाशी आपली सायकल धरून उभे होते, शर्ट घामाने भिजलेला. आणि समोर, रस्त्याच्या अगदी मधोमध, नऊवारीसारखं घट्ट खोचलेलं पातळ, पायात कापडी बूट, अशा मालनकाकू सायकल चालवत लांब लांब चालल्या होत्या. हँडल थोडं डुगडुगत होतं, पण पाठ ताठ.

मला पाहून अण्णा चोरी पकडल्यासारखे लाजले. "आता जमतंय तिला," म्हणाले. "आधी कॅरियर धरून पळावं लागायचं. ते..."

एवढ्यात मागे मोठ्याने हॉर्न वाजला.

दुभाजकातल्या रोपांना पाणी घालायला टँकर आला होता. कुणीतरी अडथळा बाजूला सरकवला आणि तो धडधडत आत शिरला. समोर बाई सायकलवर दिसली, म्हणून ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. काकू मधोमधच. त्याने वेग कमी केला नाही. हॉर्न ऐकून कुठलाही माणूस बाजूला होतो, हाच त्याचा हिशोब. काकू तसूभर हलल्या नाहीत.

अण्णांनी हातातली सायकल टाकून दिली. काही कळायच्या आत ते टँकरच्या समोर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले होते. ब्रेक करकचून लागले, पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडलं. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "ओ काका, मरायचंय काय? हॉर्न देतोय ना कधीचा!"

"तिला ऐकू येत न्हाई!" अण्णा ओरडले. "वाजवू नको रं बाबा. तिला ऐकूच येत न्हाई."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. रस्ता एकदम शांत झाला. "सॉरी काका," तो म्हणाला, "आपल्याला काय माहीत." आणि तो तसाच थांबून राहिला.

पूल अर्धवट होता तिथवर जाऊन काकूंनी सायकल वळवली, सावकाश परत आल्या आणि उतरल्या. ऐकू न येणाऱ्या माणसासारख्या चढ्या आवाजात म्हणाल्या, "टँकर कशाला आलाय? आणि तुमचा चेहरा असा का झालाय?"

अण्णांनी हाताने रोपं दाखवली, पाणी घालायची खूण केली. काकूंना पटलं. मग माझ्याकडे वळून हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "जरा सांगा ह्यांना. सारखे मागं मागं असतात. येतंय आता मला!" आणि टांग मारून पुन्हा निघाल्या. टँकर त्यांच्या मागून, बराच मागून, मुंगीच्या पावलाने, हॉर्न न वाजवता गेला.

अण्णा दुभाजकावर बसले. लांब जाणाऱ्या काकूंकडे बघत राहिले.

"मला वाटलं, ती रुसलीया," ते म्हणाले.

"कोण?"

"मालन. मी पहाटेच्या ड्युटीला जायचो तवा निजलेली असायची. परत आलो की मी आडवा. कधी काय विचारलं तर उत्तर द्यायची न्हाई. म्हणलं, रुसली असंल, आपण कुठं घरी असतो? मग मीबी बोलायचं सोडलं. दोनेक वर्षं आमी एका घरात गप राहिलो बघा. रिटायर झालो, घरी बसलो, आन एक दिवस कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या, भात करपल्याचा वास, आन ही कुकरला पाठ करून भाजी निवडत बसल्याली. डॉक्टर म्हणले, लय उशीर झाला. कानाचं मशीन दिलं. पण रस्त्यावर गेलं की त्यात नुसता कल्लोळ होतो, डोकं दुखतं तिचं. ती काढून ठेवते."

मी त्यांची पडलेली सायकल उचलून दुभाजकाला टेकवली.

"मी विचारलं, म्हंजे लिहून विचारलं, की आता तुला काय पायजे ते सांग. मला वाटलं काशी-बिशी म्हणंल. तर म्हणाली, सायकल. ल्हानपणी कॅनॉलवर तिचे भाऊ सायकल चालवायचे आन ही मागनं पळायची. हिला कधी कुणी दिली न्हाई." त्यांनी तोंड पुसलं. "आता हॉर्न ऐकू येत न्हाई त्या माणसाला रस्त्यावर कसं सोडू, सांगा."

यथावकाश पूल पुरा झाला, पाहुण्यांनाही वेळ मिळाला. फीत कापली, बँड वाजला, दुसऱ्या दिवसापासून तो रस्ता गाड्यांनी भरून गेला. अण्णा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. तलावापलीकडे बांधावरची एक पायवाट त्यांना सापडली होती. खडबडीत, मधे चिखल, पण गाडी येणं शक्यच नाही.

आता आम्ही तिघं जातो. वाट अरुंद आहे, म्हणून काकू पुढे, अण्णा त्यांच्या मागे, मी शेवटी. काकू सायकल चालवताना बोलतात, हे मला तिथे कळलं. माहेरचं, भावांचं, गेल्या पावसात मेलेल्या तुळशीचं, काहीही. मागे वळून बघत नाहीत. कुणी ऐकतंय की नाही, याची त्यांना पर्वा नसते. दोन वर्षांचं साठलेलं असावं, किंवा त्याहून जुनं. खाडीवरचा वारा शब्द उडवून नेतो आणि अण्णा अंतर पडू नये म्हणून या वयात दम लागेपर्यंत पायडल मारतात.

परवा मी मागून त्यांना काहीतरी विचारायला लागले. अण्णांनी मान न वळवता एक हात वर केला.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "ती बोलतीया."