पाऊण तास चालणारी गाडी

आयर्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला गाडीचं बॉनेट उघडून, आतल्या एका डबीवर गोठवलेल्या मटारची पिशवी धरून उभा असलेला माणूस दिसला, तर ते आमचे मकरंदकाका पाटणकर. घाबरू नका. हात करा. ते चहा देतील.

काका एनिसमध्ये माझ्या शेजारच्या घरात राहतात. वय अठ्ठेचाळीस, गाव सांगली, नोकरी शॅननच्या एका कारखान्यात. तिथे हृदयात घालायच्या नळ्या बनतात आणि त्या निर्दोष आहेत की नाहीत हे काका तपासतात. केसाएवढा ओरखडा दिसला तर अख्खा खोका बाजूला काढतात. घरी मात्र हाच माणूस एकोणीस वर्षांचा पिकअप ट्रक चालवतो, आणि त्या ट्रकचा कॉम्प्युटर पाऊण तासाच्या वर काम करत नाही.

म्हणजे असं, की इंजिनाशेजारी पुस्तकाएवढी एक पत्र्याची डबी असते. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, सगळं ती ठरवते. काकांच्या डबीत सोल्डरचा कुठलासा टाका निघाला आहे. डबी गार असली की तो चिकटून बसतो, तापली की सुटतो, आणि गाडी बोलता बोलता गप्प होते. मग वीस-पंचवीस मिनिटं डबी गार करायची. पुन्हा पाऊण तास काळजी नाही.

"ताप येतो तिला," काका सांगतात. "पट्ट्या ठेवल्या की उतरतो."

सुरुवातीला खरंच ओल्या पट्ट्या ठेवायचे. पाण्याचं आणि वायरींचं जमेना, तेव्हा मटार आले.

मी एका छोट्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते. विकत घेतलेली वस्तू माणसाला दुरुस्त करता आली पाहिजे, एवढीच आमची मागणी. या डबीची गोष्ट ऐकून माझं डोकं फिरलं. कंपनीने ही डबी बनवणं बंद केलं आहे. भंगारातल्या गाडीची डबी काढून बसवावी तर गाडी सुरूच होत नाही, कारण तुमच्या किल्लीची ओळख जुन्या डबीच्या पोटात बंद असते, आणि ती बाहेर काढायचं सॉफ्टवेअर कंपनी कुणाला देत नाही. इंजिन धडधाकट, चाकं धडधाकट, आणि एका टाक्यापायी सगळी गाडी भंगारात घाला म्हणे! ही दांडगाई आहे. मी पत्रक लिहिलं आणि काकांना त्यात पीडित केलं.

पीडितांनी ते लाल पेनाने तपासून परत दिलं.

"यातलं 'निर्लज्ज कंपनी' आहे ना, त्यातलं निर्लज्ज काढ."

"का?"

"फोनवरची मुलगी फार चांगली बोलली गं. सर्दी झाली होती बिचारीला."

"काका, सर्दी मुलीला होती. कंपनीला नव्हती."

"असेल गं, त्यांचीही काही अडचण असेल."

हे काकांचं पालुपद. दारासमोर कुणी गाडी लावून गेला, त्याचीही काही अडचण असेल. छत गळतंय आणि घरमालक फोन उचलत नाही, त्याचीही असेल. चार वर्षांपूर्वी केतकीकाकूंनी घटस्फोट मागितला तेव्हा स्वतःच्या वकिलासमोरही काका हेच म्हणाले. वकिलाने हात जोडले आणि आपण नक्की कुणाची बाजू मांडायची ते एकदा सांगा, असं म्हणाला.

केतकीकाकू डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला राहतात. त्यांच्याजवळ काकांची तेरा वर्षांची मुलगी, सई. एकाआड एक शुक्रवारी काका तिला आणायला जातात आणि रविवारी सोडून येतात. रस्ता अडीच तासांचा. डबीच्या तब्येतीमुळे पावणेचार. लिमरिकच्या बाहेर एक थांबा, रॉसक्रेच्या चर्चचं पार्किंग हा दुसरा, आणि मोनास्टरेव्हनचा पेट्रोलपंप तिसरा. हौद्यात दोन घडीची स्टुलं, चहाचा थर्मास, चिवड्याचा डबा. पंपावरचा टॉम काकांना पाहिलं की आधी "हाउज द पेशंट?" विचारतो आणि मऊ पडलेले मटार घेऊन फ्रीझरमधले दगडासारखे देतो. हे मऊ मटार शेवटी काकांच्या पोटात जातात. मटार पोहे, मटार भात, मटार उसळ. मी त्यांच्याकडे जेवायला जाणं कमी केलं आहे.

"काका, ॲडम्सटाउनला स्टेशन आहे. ट्रेनने आणा ना तिला."

"सामान असतं गं."

सईचं सामान म्हणजे एक पाठीवरची पिशवी.

मार्चमधल्या एका रविवारी डबीने दगा दिला. सईला सोडायला जाताना, मोटरवेवर, पाऊण तास व्हायच्या कितीतरी आधी गाडी बंद पडली. सई कठड्यापलीकडे पावसात उभी, शेजारून अजस्र ट्रक जातायत, आणि काका बॉनेटमध्ये डोकं घालून. दोघं सुखरूप पोचली. पण दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला तेव्हा मी काकांच्या स्वयंपाकघरात होते, आणि काकांना फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची सवय आहे.

"मकरंद, मी भांडायला फोन केलेला नाही."

"नाही नाही."

"गाडी नीट कर. नाहीतर सई येणार नाही. त्या खटाऱ्यात मी तिला पुन्हा बसवणार नाही."

"बरोबर आहे. तुझीही काही अडचण..."

"माझी काहीही अडचण नाही! गाडीची आहे!"

फोन बंद झाला. मी पेटलेच. आता तर पत्रक छापायलाच हवं होतं. कंपनीच्या आडमुठेपणापायी बापलेकीची ताटातूट! मथळासुद्धा तयार झाला. चहा करू म्हणून मी कपासाठी प्रेस उघडला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आम्हीही आता तेच म्हणतो. कपांच्या मागे एका चकचकीत पिशवीत डबी होती. तशीच, पुस्तकाएवढी. वर चिठ्ठी चिकटवलेली, काकांच्या सुवाच्य अक्षरात: 'तपासली. निर्दोष.' खाली सही.

"हे काय आहे?"

"ती होय? भंगारातली. लिमरिकला एक जण आहे, तो जुन्या डबीतली सगळी आठवण हिच्यात उतरवून देतो. किल्ली ओळखते ही."

"म्हणजे ही चालते?"

"चालते."

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"नाताळच्या आधीपासून."

माझ्या पीडिताकडे तीन महिने औषध होतं आणि ते कपांच्या मागे ठेवलेलं होतं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. चार बोल्ट आणि एक प्लग, वीस मिनिटांचं काम. पोरगी मोटरवेवर भिजली, तिला काही झालं असतं म्हणजे? यात कुणाची अडचण होती, तेवढं सांगा, म्हटलं.

काकांनी आधी कप विसळला. मग तोच पुन्हा विसळला.

"गाडी चालू असली की ती कानात ते बोळे घालते," ते म्हणाले. "थांबलो की काढते. स्टुलावर बसून दुसरं करणार काय? मग बोलते. घरी पोचलो की वर खोलीत जाते, दार लावते. ती मांस खात नाही आता, हे मला रॉसक्रेला कळलं. तिचं मैत्रिणीशी भांडण झालं, ते टॉमच्या पंपावर." नळ बंद केला. "चुकलंच माझं. पोर भिजली."

याविरुद्ध पत्रक कुणाच्या नावाने काढायचं ते मला सुचलं नाही.

त्या शनिवारी काकांनी डबी बदलली. चार बोल्ट, एक प्लग. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. काकांनी तासभर तिला चालू ठेवून कान लावला. खोकली नाही, अडखळली नाही. "ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक', पण एखादा खोका बाजूला काढावा तशा चेहऱ्याने.

पुढच्या शुक्रवारी माझी डब्लिनला बैठक होती, म्हणून परतीला मी त्यांच्याच गाडीत मागच्या सीटवर बसले. ॲडम्सटाउनला काकू खाली आल्या होत्या.

"येताना कुठे थांबावं लागलं?"

"कुठेच नाही."

"छान झालं," काकू म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. सई पुढे बसली, कानात बोळे घातले, आणि गाडी निघाली. गाडी खरंच सुरेख चालत होती.

मोनास्टरेव्हनचा फाटा आला आणि गेला. सईने एका कानातला बोळा काढला, मागे गेलेल्या पाटीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"डिड वी नॉट स्टॉप?"

"बरी झाली गं गाडी. आता थेट घर."

"ओह. ग्रँड."

बोळा परत कानात गेला. पुढे अर्धा तास काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ बघत होते. एकदा त्यांनी सईच्या खांद्याकडे हात नेला आणि मग गिअरवर ठेवला.

रॉसक्रेची पाटी दिसली तशी सईने दोन्ही बोळे काढले.

"बाबा, आय थिंक द बॉक्स इज गेटिंग हॉट."

"काय?"

"आय कॅन स्मेल इट."

नवी डबी तापून बंद का पडणार नाही, हे मी काकांपेक्षाही चांगलं समजावून सांगू शकले असते. मी खिडकीबाहेर बघितलं. काकांनी डावीकडे वळायचा दिवा लावला.

चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी थांबेपर्यंत सई उतरलीसुद्धा. बॉनेटची कळ कुठे आहे हे तिला पाठ होतं. तिने आत वाकून डबीवर तळवा ठेवला.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"रोस्टिंग," ती म्हणाली. "ट्वेंटी मिनिट्स, बाबा. ॲट लीस्ट."

ती बाजूला झाल्यावर मी हळूच बोट लावून पाहिलं. डबी कोमट होती. काकांनी हात लावून पाहिलं नाही. ते हौद्यातून स्टुलं काढायला गेले होते.