शेवंतीला तोंड लावणारा मासा

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की टाकीत एक मासा वाढवायचा.

मी मनोज. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरला आहे. नाशिकला गोदावरी आहे, समुद्र नाही. म्हणून तो मी गेल्या वर्षी आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तयार केला. चार फुटी काचेची टाकी, फिल्टरच्या पाण्यात कालवलेलं खास मीठ, त्यात दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ आणि दोन पट्ट्यापट्ट्यांचे क्लाऊन मासे. (सासूबाईंना फोनवर सांगितलं, "पोवळं आणलंय." त्या म्हणाल्या, "बरं केलं, तुमचा मंगळ कडकच हाय. कोणत्या बोटात घातलं?")

बायकोचा, म्हणजे रोहिणीचा, या समुद्राला पहिल्यापासून विरोध. त्यात तिच्या वाढदिवसाला मी साडीऐवजी प्रवाळ आणलं. (हा सल्ला मला कुणीही दिला नव्हता. संपूर्ण श्रेय माझं.) ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी टाकीचा दिवा लागला आणि त्या दगडावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-केशरी फुलं एकदम उमलली. रोहिणी चहाचा कप घेऊन जाता जाता थांबली. मग खुर्ची ओढून बसली. त्या दिवसापासून त्या प्रवाळाचं नाव शेवंती, आणि रोहिणीचा सकाळचा चहा शेवंतीसोबत. माझ्यासोबत नाही, पण घरात शांतता होती.

अशा शांततेत शहाण्या माणसाने हात-पाय हलवू नयेत. मी जेल रोडला सनीच्या माशांच्या दुकानात गेलो.

"सर, ड्वार्फ एंजल घ्या," सनी म्हणाला. त्याने दाखवलेला मासा बोटभर होता. अंग गर्द जांभळं, कुशीला केशरी जाळ.

"कोरलच्या टाकीत चालेल ना?"

"शंभरातले नव्वद कोरलला हातही लावत नाहीत."

"आणि उरलेले दहा?"

"मासा आहे सर, हात कुठून लावणार? तोंड लावतात."

माझा नव्वदांवर विश्वास होता. (सासऱ्यांनी मला मुलगी दिली, तीही असाच विश्वास ठेवून.)

पहिले दोन आठवडे मासा अगदी नव्या सुनेसारखा वागला. दगडावरचं शेवाळ खुडायचा, क्लाऊन आले की बाजूला व्हायचा. मग एका सकाळी रोहिणीची हाक आली.

"अहो! शेवंती मिटलीय."

मी पाणी तपासलं. मीठ बरोबर, तापमान बरोबर. "झोपली असेल," मी म्हणालो. रोहिणीने खुर्ची ओढली. ती मोबाईल टाकीवर रोखून बसली आणि मी ऑफिसात पोचायच्या आत मला व्हिडिओ आला. संध्याकाळी तोच व्हिडिओ तिने मला शेजारी बसवून दाखवला.

"हा बघा चावा. हा दुसरा. हा तिसरा."

"तो चावत नाहीये गं. चाखतोय."

"रविवारपर्यंत हा टाकीबाहेर," रोहिणी म्हणाली, "नाहीतर टाकी घराबाहेर."

माझ्यातला पुरुष जागा झाला. बोटभर मासा आणि साडेपाच फुटी मी! रविवार कशाला, बुधवारीच काढून दाखवतो म्हटलं.

बुधवारी मी जाळी घेऊन काखेपर्यंत हात बुडवला. माशाने जाळीकडे पाहिलं आणि दगडाच्या भोकात गेला. मी त्या भोकाशी जाळी लावली, तो मागच्या भोकातून बाहेर येऊन माझ्या कोपराकडे बघत थांबला. दीड तासाने माझ्या जाळीत एक गोगलगाय होती. गुरुवारी मी वाटेत आडवी काच घातली. तिच्यावर मासा नाही, माझंच मनगट आपटलं. शुक्रवारी विचार केला, याला पोटभर खायला घातलं तर शेवंतीला सोडेल. शेवाळाचे वाळवलेले पापड आणून क्लिपला लावले. त्याने दोन पापड संपवले आणि जेवणानंतर बडीशेप खावी तशी शेवंतीची दोन फुलं खुडली. दोन्ही क्लाऊन मात्र माझ्या हाताला इतके सरावले, की जाळी पाण्यात शिरली की आपणहून तिच्यात येऊन बसत.

शनिवारी दुपारी येवल्याहून सासरे आले. खंडेराव त्यांचं नाव. मी त्यांना मामा म्हणतो, रोहिणी आप्पा. चाळीस वर्षं हातमागावर पैठणी विणलेला माणूस. रोहिणीने दारातच सगळी हकीकत सांगितली. मामांनी स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि दोन तास टाकीकडे बघत बसले. मी मागे जाळी घेऊन उभा.

"जावईबापू, ती जाळी आधी ठेवा खाली," ते म्हणाले. "तुम्ही लय मागं लागता त्याच्या. हा मासा म्हणजे धोटा हाय, मागावरचा धोटा. त्या दगडाच्या मागून जातो, ह्या कोपऱ्यातून येतो. वाट एकच. आपण वाटेत बसायचं."

रविवारी सकाळी मामांनी रोहिणीचा चकल्यांचा पारदर्शक डबा घेतला. (चकल्या आम्ही संपवल्या. शास्त्रासाठी.) डबा त्या कोपऱ्यात आडवा ठेवला, आत शेवाळाचा पापड. वरच्या कडेने जोडलेल्या झाकणाला खालून गोटा बांधला, आणि ते मामांच्या पिशवीतल्या रेशमाच्या धाग्याने उघडं टांगून धरलं. धागा टाकीबाहेर.

"मी धरतो," मी म्हणालो. हे माझं युद्ध होतं.

"धरा. पण ध्यानात ठेवा, धागा ओढायचा नाय. मासा आत गेला की नुसता सोडायचा."

मी तासभर धागा धरून बसलो. क्लाऊन आत जाऊन, बघून, बाहेर आले. मग तो आला. डब्याच्या तोंडाशी थांबला. अर्धा आत गेला. पूर्ण आत गेला. माझ्या मुठी आवळल्या गेल्या. आता मूठ आवळली की ती उघडत नाही, हा माझा जन्मजात दोष.

"सोडा!" मामा कुजबुजले.

मी आणखी घट्ट धरला.

"जावईबापू, सोडा! अहो सोडा!"

"आणते, आणते!" स्वयंपाकघरातून रोहिणी ओरडली आणि कपाटं उघडल्याचा आवाज आला. टाकीत मी अधूनमधून कसलीकसली पावडर टाकतो, हे तिला माहीत होतं. ती धावत बाहेर आली, हातात दोन डबे. "आप्पा, खायचा की धुण्याचा?"

मी दचकून मागे वळलो. हातातला धागा सुटला. टप्प.

"गावला!" मामा म्हणाले.

डबा वर काढला, तेव्हा तिघांची डोकी त्याच्यावर एकत्र आली. आत तो जांभळा-केशरी जीव गोल गोल फिरत होता. मामांनी डबा उजेडाकडे धरला. "चाळीस वर्षं रंग जुळवले," ते म्हणाले, "पण जांभळ्याला केशरी असा भिडलेला नाय पायला." रोहिणीने पण पाहिलं. तिचा राग थोडा उतरला, पण डबा तिने स्वतःच्या हाताने झाकला आणि पंधरा मिनिटांत आम्ही सनीकडे होतो. त्याने लगेच मासा परत घेतला.

आठवड्याभरात शेवंती पुन्हा उमलली. खुडलेल्या जागा सोडून सगळी फुलं. रोहिणीने मला चहासाठी शेजारची खुर्ची दिली. लग्नानंतर इतका सन्मान मला पहिल्यांदाच मिळत होता.

पुढच्या शनिवारी मिठाची पिशवी आणायला मी दुकानात गेलो, तर तोच मासा सनीच्या मोठ्या टाकीत, प्रवाळांच्या गर्दीत, अगदी संतासारखा फिरत होता. एकाही प्रवाळाला त्याचं तोंड लागत नव्हतं.

"सर, इथे काहीच करत नाही तो," सनी काळजीने म्हणाला. "घरात कुणी सारखं मागे लागणारं असलं की मासे असे बिघडतात. तुमच्याकडे कुणी आहे का तसं?"

मी तणतणत घरी आलो आणि सगळं रोहिणीला सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. तिने शांतपणे चहाचा घोट घेतला, मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"सनी फक्त मासेच परत घेतो का हो?"